गदिमांची दहाच गाणी निवडायची, तर कोणती?

कागदी होडी

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या महिन्यात गदिमांवर, म्हणजे ग. दि. माडगूळकरांवर, दीड तासाचा कार्यक्रम ठरलाय. "तू मराठीत एमए ना, मग निवेदन तूच कर" असं म्हणून सगळ्यांनी अंग काढून घेतलं. हाताशी गाणारे चौघं, पेटी आणि तबला. वेळ बघता गाणी दहाच बसतील.

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात गदिमा म्हणजे गीतरामायण. यादी करायला बसले आणि चक्रावले. 'इंद्रायणी काठी' मी आजवर संतांचा अभंग समजत होते! 'बुगडी माझी सांडली गं' त्यांचंच, 'नाच रे मोरा' त्यांचंच, 'एका तळ्यात होती'सुद्धा त्यांचंच. एका माणसाला हे सगळं जमलं कसं? "अष्टपैलू प्रतिभा" वगैरे म्हणून मोकळं व्हायचं नाहीये मला, ते सगळेच म्हणतात.

दुसरं म्हणजे त्यांचं गद्य. 'बनगरवाडी' सोडून काही वाचलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

माणदेशी पाव्हणा

होडीताई, आधी चूक दुरुस्त करतो, मग बाकीचं. 'बनगरवाडी' गदिमांची नव्हे, त्यांचे धाकटे भाऊ व्यंकटेश माडगूळकर यांची. कार्यक्रमात हे बोलला असता तर पहिल्या रांगेतल्या एखाद्या आजोबांनी तिथंच हात वर केला असता. 'बनगरवाडी' पुस्तक म्हणून आली १९५५ साली, आणि त्याच साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. एका घराकडून एका वर्षात आणखी किती मागायचं!

मी काही साहित्यातला नव्हे. सव्वीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, आटपाडी भागात. माडगूळ, शेटफळे ही माझ्या रोजच्या तिकिटांतली गावं. गदिमा जन्मले शेटफळ्याला, १ ऑक्टोबर १९१९, आणि घर माडगूळचं. दिवसभर घंटी आणि रात्री भजनी मंडळात पेटी, असं आयुष्य गेलं. त्यामुळं जे सांगतो ते पेटीपाशी बसून कळलेलं.

एकाला हे सगळं जमलं कसं, यावर माझं उत्तर साधं आहे. माणूस पटकथा लिहायचा. लोक त्यांना आधी कवी धरतात आणि मग सिनेमावाला. मी उलटं धरतो. मॅट्रिकला गाडी अडली, १९३८ साली 'ब्रह्मचारी'त बारकंसं काम करून सिनेमात शिरले. १९४७ च्या 'राम जोशी'ला कथा, संवाद, गाणी सगळं त्यांचं. असा माणूस गाणं लिहायला बसला की त्याला पहिला प्रश्न पडणार, हे गातंय कोण? कुठं उभं राहून? कुणाच्या कानावर पडावं म्हणून?

आता 'बुगडी' घ्या. 'सांगत्ये ऐका' (१९५९) मधली लावणी. बुगडी कानाच्या वरच्या पाळीत घालतात, ती अशी सहजासहजी पडत नाही. म्हणजे ती सांडली कशी, हाच सगळा मामला! आणि त्यात "नगा" आहे, "नका" नाही. तुमच्या गाणारीनं तिथं शुद्ध "नका" म्हटलं की लावणी मेली, लिहून ठेवा. साताऱ्याला म्हाताऱ्याचं यमक शहरात बसून सुचत नाही. गदिमांच्या लहानपणी आमचा मुलूख औंध संस्थानात, आणि सातारा म्हणजे लांबचं मोठं गाव. जाताना काहीतरी सांडायचंच.

आता तोच हात 'इंद्रायणी काठी'ला बघा. 'गुळाचा गणपती' (१९५३), आवाज भीमसेनांचा. तुम्ही फसलात त्यात तुमचा दोष नाही, आमच्या मंडळातला टाळकरी अजून मानायला तयार नाही. खूण एकच आहे. शेवटी "तुका म्हणे", "नामा म्हणे" अशी मुद्रा नाही. माणसानं अभंग लिहिला आणि त्यावर आपलं नाव घातलं नाही. एका कडव्याचा शेवट "मागेपुढे" वर होतो आणि पुढचं कडवं त्याच "मागेपुढे" नं सुरू होतं. पुढं "उजेड" शब्दही तसाच हातातून हातात जातो. दिंडीत टाळकरी एकमेकांचं पद उचलतात, तसं. आम्ही ते गाताना थांबायला जागाच सापडत नाही. हे ज्यानं दिंडीत पाय मळवलेत त्यालाच कळतं.

आणि माझं लाडकं, 'विकत घेतला श्याम'. 'जगाच्या पाठीवर' (१९६०). पडद्यावर गाते ती रस्त्यावर गाऊन पोट भरणारी आंधळी मुलगी. जिच्या पदरात दमडी नाही ती सांगतेय, मी खरेदी केली! देवाला मोल देऊन घेतल्याची कल्पना मीराबाईची, जुनी आहे. पण ती या पोरीच्या तोंडी घातल्यावर कवडी, दमडी, मोजणं, दाम हे सगळे बाजारातले शब्द उलटे होतात. किंमत काय दिली, तर जन्मभराचे श्वास मोजून दिले. मी आयुष्यभर सुट्टे पैसे मोजले ताई, मला हे गाणं पेटीवर नीट वाजवता येत नाही. नुसतं कागदावर वाचलं तर भक्तिगीत वाटतं, म्हणून निवेदनात ती मुलगी आधी उभी करा आणि मगच गाणं घ्या.

गीतरामायणही असंच बघा. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीपर्यंत, ५६ गाणी. मधे अधिक मास आला म्हणून बावन्न आठवड्यांवर चार चढली. लोक त्याला काव्य म्हणतात, मी ५६ प्रसंगांची पटकथा म्हणतो. दर वेळी बोलणारं माणूस वेगळं. अहल्या, शबरी, शूर्पणखा, जांबवंत, शेवटी वाल्मीकी. भरत आईवर चिडतो ते 'माता न तू, वैरिणी' आणि होडी हाकणाऱ्यांचं 'नकोस नौके परत फिरू' एकाच वहीत आहेत, पण चाल तर सोडाच, शब्दांचं वजनसुद्धा वेगळं. शूर्पणखेला दोन गाणी दिलीत, एक रामावर भाळल्यावरचं आणि एक लंकेत जाऊन भावाला भडकवतानाचं. दोन्ही पाठोपाठ वाचा. बाई तीच, आवाज बदललेला.

बाकी मोठेपणाच्या गोष्टी एका दमात सांगून टाका: पद्मश्री १९६९, बारा वर्षं विधानपरिषद, १९७३ ला यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, १४ डिसेंबर १९७७ ला गेले. यावर दोन मिनिटांच्या वर घालवलीत तर लोक मोबाइल काढतील.

गद्यात 'मंतरलेले दिवस' आधी घ्या, मग 'वाटेवरल्या सावल्या'. कादंबरी वाचायची तर 'आकाशाची फळे', त्यावरच 'प्रपंच' सिनेमा निघाला. 'विठ्ठला तू वेडा कुंभार' त्यातलं, ते दहात हवंच.

ढोलकीची थाप

पाव्हणं, पटकथेचं पटलं, पण अर्धंच. 'बुगडी' ऐकताना आधी काय आठवतं? वसंत पवारांची चाल आणि आशाबाईंचा आवाज. गीतकार कितीही मोठा असू द्या, शब्दांनी जागा सोडली नाही तर ढोलकीवाला काय करणार? माझ्या मते गदिमांचं खरं कसब तिथं आहे. ओळ पुरी होते आणि नेमकी दीड मात्रा उरते. त्यांना ठेका ठाऊक होता. मी फडावर आणि ऑर्केस्ट्रात मिळून बरीच वर्षं वाजवलंय, सगळ्यांच्या लावण्या वाजवायला अशा सोप्या नसतात.

होडीताई, दोन सूचना. तबल्यावर लावणी घेऊ नका, ढोलकीवाला एका गाण्यापुरता बोलवा, येतात. आणि 'राम जोशी'तली 'सुंदरा मनामध्ये भरली' यादीत घालू नका. ती मूळ शाहीर राम जोशींचीच रचना आहे. एका कार्यक्रमात निवेदकानं ती गदिमांच्या नावावर खपवली होती आणि मी मागे बसून ढोलकी वाजवत होतो. बोलायची सोय नव्हती.

माणदेशी पाव्हणा

मान्य. चालीचं श्रेय मी खाल्लं, चूक झाली. दीड मात्रेचं आज पेटीवर बसून बघतो.

जुना श्रोता

वय सांगितलं की माझं म्हणणं कळेल: १९५५ साली मी नऊ वर्षांचा होतो. आमच्या वाड्यात रेडिओ एकच, मालकांकडे. सकाळी गीतरामायणाच्या वेळी त्यांच्या ओसरीवर आम्ही पोरं बसायचो आणि बायका दाराआड उभ्या असायच्या. मला कळत काहीच नव्हतं. पुढच्या खेपेला कोण गाणार यावर मात्र आमच्या पैजा लागायच्या.

हे एवढ्यासाठी सांगतो की आता लोकांना गीतरामायण म्हणजे फक्त सुधीर फडके असं वाटतं. संगीत बाबूजींचंच, आणि पुढे गावोगाव त्यांनी एकट्यानं गायलं म्हणून तसं ठसलं. पण रेडिओवर पात्रागणिक गायक बदलत. माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, लताबाईसुद्धा होत्या. पाव्हण्यांचं "पटकथा" म्हणणं मला तिथं पटलं. तुमच्याकडे चार गळे आहेत ना? मग गीतरामायणातली तीन गाणी तिघांत वाटा. एकाच्याच गळ्यात सगळी घालू नका.

आणखी एक. 'दो आँखें बारह हाथ'चा उल्लेख करणार असाल तर लगेच 'ऐ मालिक तेरे बंदे हम' लावायचा मोह आवरा. कथा गदिमांची, गाणी भरत व्यासांची.

माणदेशी पाव्हणा

त्या सिनेमाचं राहिलंच होतं. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर म्हणून वसाहत आहे. औंधच्या राजेसाहेबांच्या काळात तिथं कैद्यांना बिनभिंतीचं ठेवून शेती करायला लावायचा प्रयोग झाला. 'दो आँखें'चं मूळ ते. गाडी त्या बाजूनं जायची तेव्हा पहिल्यांदा येणारी माणसं खिडकीतून तुरुंग शोधायची. मी म्हणायचो, अहो, हाच. ते म्हणायचे, भिंत कुठाय? परक्या देशात बक्षीस मिळवलेल्या सिनेमाची गोष्ट अशी लेखकाच्या गावाशेजारी पडलेली होती.

माडगूळला शेतात त्यांची लिहायची जागा होती, बामणाचा पत्रा म्हणतात. कधी आलात तर कळवा, गाडीत ओळखी अजून आहेत.

कागदी होडी

सगळ्यांचे मनापासून आभार. निवेदनाचा धागा सापडला. प्रत्येक गाण्याआधी एवढंच सांगायचं की हे कोण गातंय आणि कुठे उभं राहून.

यादी अशी केलीय. सुरुवातीला 'इंद्रायणी काठी', पण कवीचं नाव न सांगता, आणि गाणं संपल्यावर प्रेक्षकांना विचारायचं की कुणाचा अभंग. मग 'नाच रे मोरा' आणि 'एका तळ्यात होती', कट्ट्यावरच्या लहान मुलांकडून. 'घन घन माला नभी दाटल्या', मग 'प्रथम तुज पाहता'. 'बुगडी' ढोलकीसह (दादा, ढोलकीवाला मिळाला!). 'विकत घेतला श्याम'. गीतरामायणातली 'माता न तू, वैरिणी' आणि 'नकोस नौके परत फिरू', दोन वेगळ्या गळ्यांत. शेवटी 'वेडा कुंभार'. श्रोताकाका, तुम्ही तीन म्हणालात, पण दहाच्या हिशोबात दोनच बसली.

आमच्या 'बुगडी' गाणाऱ्या ताई काल तालमीत तीनदा "नका" म्हणाल्या. चौथ्यांदा जमलं.

ढोलकीची थाप

'बुगडी'नंतर लगेच 'विकत घेतला श्याम' नको. मधे दोन मिनिटं तुम्ही बोला. टाळ्या आणि शिट्ट्या विरू द्यात, ढोलकीवाल्याला उठून जाऊ द्यात, मग त्या पोरीला आणा.