मदत हवी आहे: वर्डमध्ये गणिताची समीकरणं पटापट कशी टाईप करायची?

नमस्कार मंडळी, मी चाळीसगावला दहावीच्या गणिताचे क्लास घेतो, दर रविवारी मुलांची टेस्ट असते आणि पेपर मी स्वतःच वर्डमध्ये करतो. मराठी मजकूर झपाट्याने होतो पण समीकरण आलं की गाडी अडते. इन्सर्टमध्ये जा, इक्वेशनवर क्लिक करा, अपूर्णांकाचा साचा शोधा, मग माऊसने वरच्या चौकोनात, मग खालच्या, आणि त्यात वर्गमूळ घालायचं असेल तर परत पहिल्यापासून.

काल भास्कराचार्यांच्या लीलावती ग्रंथातलं भुंग्यांचं गणित घेत होतो. थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ जेवढं तेवढे भुंगे मालतीच्या फुलांवर गेले, सगळ्या थव्याचे आठ नवमांशही गेले, एक कमळात अडकला आणि त्याची भुंगी बाहेर गुणगुणत राहिली, तर थवा केवढा? इथे चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे, त्यांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढल्याचं त्यात कोरलंय, म्हणून आपल्या भागातल्या पोरांना यातलं एक तरी गणित मी दरवर्षी देतोच. पण ते एवढुसं समीकरण टाईप करायला दहा मिनिटं गेली हो, आणि पेपरात अशी पंचवीस-तीस असतात.

एका सरांनी सांगितलं सगळं कीबोर्डनेच होतं, स्लॅश दिला की अपूर्णांक होतो. माझ्याकडे स्लॅश दाबलं की 'य' येतो आणि घातासाठी शिफ्ट ६ दाबलं की 'त्र'. काय चुकतंय?

अजून एक, २०१२-१३ चे जुने पेपर आहेत, त्यातली समीकरणं दिसतात पण डबल क्लिक केलं तर उघडतच नाहीत.

प्रतिसाद १
सर, तुमचं चुकत काहीच नाही, कीबोर्ड इनस्क्रिप्ट नावाच्या मराठी मांडणीवर राहतोय एवढंच. त्यात स्लॅशच्या जागी 'य' आणि बॅकस्लॅशच्या जागी ऑ ची मात्रा असते. आधी विंडोज आणि स्पेस दाबून इंग्रजी करा, मग ऑल्ट धरून बरोबरचं चिन्ह दाबा, समीकरणाचा चौकोन उघडतो. आता तुमचं भुंग्यांचंच, थवा एक्स धरून, करून बघा: बॅकस्लॅश, लगेच एस क्यू आर टी, कंसात एक्स स्लॅश २, कंस पूर्ण, स्पेस. वर्गमूळाखाली अपूर्णांक तयार, कंस आपोआप जातो. पुढे अधिक, ८ एक्स स्लॅश ९, स्पेस, अधिक २ बरोबर एक्स. झालं. स्पेस विसरू नका, सगळा खेळ स्पेसचा आहे, स्पेस दिल्यावरच ते उभं राहतं. अंशात बेरीज-वजाबाकी असेल तर तेवढा भाग कंसात घ्या. वर्गासाठी शिफ्ट ६ आणि मग २, थीटासाठी बॅकस्लॅश लावून थीटाचं इंग्रजी स्पेलिंग, अधिक-उणे पाहिजे तर तसंच पी एम.

वर्गसमीकरणाचं सूत्र प्रत्येक पेपरात लागतं ना, ते एकदा करा, चौकोनाच्या उजव्या टोकाच्या बाणावर क्लिक करून नवीन इक्वेशन म्हणून सेव्ह करा, मग ते यादीतच दिसतं.

प्रतिसाद २
जुन्या पेपरांचं सांगतो भाऊ. ते वर्डमधल्या जुन्या इक्वेशन एडिटर ३.० मधले असणार. तो जानेवारी २०१८ च्या अपडेटमध्ये सुरक्षेच्या कारणाने काढला गेला, त्यामुळे समीकरण छापता येतं पण दुरुस्त करता येत नाही. मॅथटाईप नावाचं सॉफ्टवेअर टाकलं तर उघडतात, थोडीच असतील तर नवीनच टाईप केलेली बरी.

प्रतिसाद ३
वर्ड विकत घ्यायचं नसेल तर लिब्रेऑफिस फुकट आहे. त्यातल्या रायटरमध्ये एफ एन टाईप करून एफ ३ दाबा, समीकरण येतं आणि शेजारी क्रमांकही पडतो, खाली रकान्यात दोन संख्यांच्या मध्ये ओव्हर लिहिलं की अपूर्णांक. पण पेपर दुसऱ्या मास्तरांना वर्डमध्ये पाठवायचे असतील तर वर्डच धरा, नाहीतर मांडणी हलू शकते.

धागाकर्ता
झालं! पहिल्यांदा स्पेस राहिला होता म्हणून सगळं एका ओळीत आडवं पडलं, दुसऱ्यांदा बरोबर उभं राहिलं, अर्ध्या मिनिटात. प्रतिसाद १ वाल्या सरांचे मनापासून आभार. आता एक विचारतो, समीकरण झाल्यावर परत मराठीत यायला दर वेळी विंडोज-स्पेस करावंच लागतं का, की चौकोनाबाहेर आलं की आपोआप मराठी होईल अशी काही सोय आहे? उत्तर ७२ आहे, पोरांना रविवारपर्यंत सांगत नाही.