विहिरीत निघालेले खडे: गार (क्वार्ट्झ) की दुसरं काही?

प्रश्न (सिन्नर): विहिरीचं काम चालू आहे. काळ्या पाषाणातल्या पोकळीतून बोटभर लांब, काचेसारखे, टोकाला निमुळते खडे निघाले. गडी म्हणतात गार, मेहुणे म्हणतात हिरा (त्यांचं सोडा). ओळखायचं कसं?

उत्तर: रिकाम्या बाटलीवर घासा. १ ते १० च्या मोह्स मापावर गारेची कठीणता ७, काचेची साधारण साडेपाच, म्हणजे चरा उठणारच. कॅल्साइट (चुन्याचं खनिज) असेल तर कठीणता ३ फक्त, चाकूनेही खरवडतं. वर लिंबू पिळा, बारीक बुडबुडे येतील.

दुसरं उत्तर: आधी बाजू मोजा राव. गारेला सहा, त्यांवर आडव्या बारीक रेघा. चारच बाजू आणि रेघा उभ्या असतील तर अपोफिलाइट नावाचं दुसरं खनिज. आपल्या बेसाल्टात, म्हणजे काळ्या पाषाणात, तेही सापडतं.

प्रश्नकर्ता: सहा बाजू, आडव्या रेघा, बाटलीवर चांगला चरा. गारच! मेहुण्यांना तुम्हीच सांगा.