लेबल, लोगो, पत्रिका: एवढ्या कामाला इंकस्केप पुरतं का?

शाईघर

गेलं दीड वर्ष माझी सगळी व्हेक्टर कामं (रेषा-आकारांची, कितीही मोठी केली तरी न फाटणारी) इंकस्केप या हलक्या, फुकट सॉफ्टवेअरवर चालली आहेत. बचत गटांची मसाल्याची लेबलं, दुकानांचे लोगो, एका वाचनालयाच्या संकेतस्थळाची चिन्हं, अधूनमधून एखादी लग्नपत्रिका. त्याआधी बारा वर्षं कोरल या विकतच्या सॉफ्टवेअरवर हात बसलेला होता. माझं आता ठाम मत झालंय की एकट्याने काम करणाऱ्या डिझायनरला व्हेक्टरसाठी पैसे मोजायची गरज उरलेली नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी मुद्दे मांडावेत, म्हणून हा धागा.

माझ्या मशीनला रॅम ४ जीबी. इंकस्केपची डाऊनलोड फाईल शंभर-दीडशे एमबीच्या घरातली. उघडायला थोडा वेळ घेतं, पण एकदा उघडलं की लेबलाएवढ्या कामात अडत नाही. २००३ साली सोडिपोडी नावाच्या प्रोजेक्टमधून ते वेगळं निघालं आणि १.० आवृत्ती यायला २०२० उजाडलं. खरा वेग त्यानंतरचा आहे. २०२२ च्या १.२ मध्ये एकाच फाईलमध्ये अनेक पानं आली, २०२३ च्या १.३ मध्ये शेप बिल्डर (आकार जोडून-तोडून नवा आकार करणारं टूल) आला. मला ज्या दोन गोष्टींसाठी कोरल सोडवत नव्हतं, त्या याच होत्या.

पण मी टिकलो तो देवनागरीमुळे. मुक्ता फॉन्ट लावा, ‘शुद्ध’, ‘रक्तचंदन’, ‘त्र्यंबक’ टाईप करा, जोडाक्षर जसंच्या तसं उमटतं. मजकूर युनिकोड असल्यामुळे तोच उचलून वेबसाईटवर टाकता येतो. शिवाय मूळ फाईलच एसव्हीजी, म्हणजे ब्राउझर थेट दाखवतो ती व्हेक्टर फाईल. जुन्या पद्धतीच्या फॉन्टांमध्ये केलेल्या माझ्या बारा वर्षांच्या फायली आज उघडल्या आणि मजकूर कॉपी केला, की इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा हाती येतो. एका गटाची चाळीस लेबलं मी पुन्हा हाताने टाईप केली आहेत.

चारकलर

वेबबद्दल मी बोलत नाही, तो माझा प्रांत नाही. ऑफसेटवर बावीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे प्रिंटबद्दल स्पष्ट सांगतो: हे सॉफ्टवेअर प्रिंटसाठी नाही.

इंकस्केपमधून निघणारी पीडीएफ आरजीबी (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाची) असते. ऑक्टोबर २०२४ च्या १.४ मध्येही सीएमवायके (छपाईच्या निळी, लाल, पिवळी, काळी या चार शाईंची) पीडीएफ थेट निघत नाही. रंगाच्या खिडकीत सीएमवायकेचे स्लायडर दिसतात, त्यावर नवखा माणूस फसतो. तुम्ही के (काळी शाई) १०० करा, बाकी तीन शून्य करा, आत साठवला जातो तो आरजीबीतला काळाच.

याचा परिणाम काय होतो ते सांगतो. गेल्या वर्षी आमच्याकडे लोणच्याच्या लेबलाची अशी पीडीएफ आली. साहित्य, वजन, एफएसएसएआय क्रमांक, सगळं सहा पॉइंटात. तो काळा चारही प्लेटांवर (दर शाईची एक प्लेट) गेला. कागद मशीनमध्ये केसभर जरी सरकला तरी चार प्लेटा एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत. भिंग लावून बघितलं तर शिरोरेषेच्या वर निळसर कड, खाली लालसर कड, आणि ‘मोहरी’मधली वेलांटी व मात्रा शाईने भरून बंद झालेली. इंग्रजी सहा पॉइंट अशा वेळी कसंबसं वाचता येतं. देवनागरीत रेषेच्या वर आणि खाली दोन्हीकडे बारीक खुणा असतात, ती आधी मरते. ते लेबल आम्ही थांबवलं आणि काळा आमच्या ऑपरेटरने नव्याने बांधला. त्याची मजुरी कोणी द्यायची?

कुंकवाचा लाल, हिरवागार, गडद निळा हे रंग स्क्रीनवर जसे दिसतात तसे चार शाईंत बसतच नाहीत. सीएमवायकेत काम करणाऱ्याला ते आधीच दिसतं. आरजीबीत काम करणाऱ्याला छापून आल्यावर.

शाईघर

तुमचं काळ्याबद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण त्यावर वाट आहे आणि मी ती रोज वापरतो. रेखाटन इंकस्केपमध्ये, अक्षरं पाथ (म्हणजे फॉन्ट न लागणारे नुसते आकार) करून एसव्हीजी साठवायची, ती स्क्रायबस या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये आणायची. स्क्रायबस त्या फाईलमधला प्रत्येक रंग यादीत वेगळा दाखवतो. यादीतला काळा उघडायचा, सीएमवायके करायचा, के १०० ठेवून बाकी शून्य. त्या काळ्याने रंगवलेलं सगळं एका फटक्यात बदलतं. मग ब्लीड (कापणीसाठी कडेबाहेर वाढवलेला रंग), क्रॉप मार्क (कापायच्या खुणा) देऊन छपाईसाठीची पीडीएफ/एक्स-३ काढायची. प्लेटनिहाय प्रिव्ह्यूही तिथेच दिसतो. स्क्रायबससुद्धा फुकट आहे. लेबलामागे माझी पंधरा मिनिटं जास्त जातात, बस.

नोडजाळं

मी वेबवाली, आणि वेबच्या बाजूनेच माझी तक्रार आहे. ‘मूळ फाईलच एसव्हीजी’ हे ऐकायला छान वाटतं, पण इंकस्केपची साधी सेव्ह केलेली फाईल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा. गाईड कुठे होत्या, झूम किती होता, खिडकी केवढी होती, सगळं आत लिहिलेलं असतं. सोडिपोडी हे नावसुद्धा आजतागायत त्या ओळींमध्ये आहे. अशा फायली जशाच्या तशा साईटवर चढवणारे डिझायनर मला दर महिन्याला भेटतात.

साठवताना ‘ऑप्टिमाइझ्ड एसव्हीजी’ निवडा. त्यात अपूर्णांकाचे अंक कमी करता येतात, व्ह्यूबॉक्स (चित्राची चौकट सांगणारी नोंद) मागता येतो, मेटाडेटा गाळता येतो. व्ह्यूबॉक्स नसेल तर मोबाईलवर लोगो आकसत नाही, कापला जातो. मूळ काम मात्र इंकस्केप एसव्हीजीतच वेगळं जपून ठेवा, लेयर त्यातच राहतात.

अक्षरांचं दुसरं. मजकूर मजकूर म्हणूनच ठेवला आणि एसव्हीजी साध्या इमेजसारखी लावली, तर तिला पानावरचा वेबफॉन्ट मिळत नाही. वाचणाऱ्याच्या मशीनवर मुक्ता नसेल तर दुसराच कुठला तरी फॉन्ट लागतो आणि ओळ चौकटीबाहेर पळते. म्हणून लोगोतली अक्षरं पाथ करा, आणि नाव शीर्षकाच्या टॅगमध्ये मराठीत लिहा. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाला पाथ वाचता येत नाही. हे सॉफ्टवेअर आपणहून करणार नाही, आपणच करायचं.

१.० च्या आधीच्या फायलींमध्ये चौकटीत भरलेला मजकूर असेल तर तोही तपासा. ब्राउझरने कधीच न स्वीकारलेल्या एका मसुद्याप्रमाणे तो लिहिला जायचा, त्यामुळे मजकुराच्या जागी काळा ठोकळा दिसतो किंवा काहीच दिसत नाही.

एवढं सगळं सांगूनही वेबसाठी मी इंकस्केपच वापरते. फाईलमधलं प्रत्येक अक्षर मला वाचता येतं आणि दुरुस्त करता येतं.

रेडियमवाला

गाड्यांवरची नावं, दुकानांच्या काचा, हेच माझं काम. रेडियमचा रोल कापणाऱ्या कटरला रंग लागतच नाही, फक्त पाथ लागतो. त्यामुळे वरचं सीएमवायकेचं भांडण माझ्याकडे येत नाही आणि इंकस्केप मला पूर्ण पुरतं.

मात्र देवनागरीवाल्यांसाठी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण यात माझा बराच रोल वाया गेला आहे. ‘जय मल्हार’ टाईप करून पाथ केलं की प्रत्येक अक्षर सुटं होतं आणि शेजारच्या दोन अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. स्क्रीनवर ती सलग रेष दिसते. पाती मात्र प्रत्येक सांध्यावर आडवी जाऊन काप मारते. सोलताना ‘म’ एकीकडे, ‘ल्हा’ दुसरीकडे. म्हणून पाथ केल्यावर अनग्रुप करायचं, सगळं निवडून युनियन (सगळ्यांचा मिळून एकच आकार) करायचं. कोरलमधलं वेल्ड तेच. मग आऊटलाईन मोड (फक्त कडा दाखवणारा) लावून शिरोरेषेवरून नजर फिरवायची. एक जरी उभी रेघ दिसली तरी तो सांधा राहिलाय.

अक्षराला बाहेरून पांढरी किनार देणाऱ्यांनाही हेच करावं लागतं. नाहीतर किनार प्रत्येक सांध्यावर आत घुसते.

पहिलीनोकरी

मी डीटीपीचा कोर्स करतोय. माझ्या गावातल्या प्रेसच्या जाहिरातींमध्ये कोरल आणि फोटोशॉप एवढंच लिहिलेलं असतं. इंकस्केप शिकून मला काम कोण देणार?

चारकलर

@पहिलीनोकरी, तू कोरल शीक. प्रेसमध्ये रात्री अकराला जी फाईल येते ती सीडीआर, म्हणजे कोरलची, असते, आणि ती तुला तिथेच उघडून दुरुस्त करता आली पाहिजे. इंकस्केप सीडीआर आत घेतं, पण सीडीआर म्हणून साठवू शकत नाही. पेन टूल, नोड, कर्व्ह मात्र कुठेही शिकलास तरी हात तोच तयार होतो. घरी सराव इंकस्केपवर कर.

@शाईघर, तुमच्या वाटेला माझी हरकत आहे. रेखाटायला एक सॉफ्टवेअर, रंग बांधायला दुसरं, आणि शेवटच्या क्षणी ग्राहक म्हणाला ‘ग्रॅम’च्या जागी ‘ग्रा.’ करा, तर पुन्हा पहिल्यापासून. अक्षरं पाथ करून बसलात ना? धागा हलक्या सॉफ्टवेअरचा आहे. तुम्ही ओझं सॉफ्टवेअरवरून उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतलंय. आणि सगळेच तुमच्याएवढे काटेकोर नसतात. तुमची एक लेबलाची पीडीएफ पाठवा, मी प्लेटा वेगळ्या करून बघतो.

नोडजाळं

तोवर एक पर्याय सुचवणाऱ्यांसाठी: ॲफिनिटी डिझायनरमध्ये सीएमवायके व्यवस्थित आहे, पण आवृत्ती २ पर्यंत देवनागरीची जुळणी नव्हती. वेलांटी चुकीच्या बाजूला, जोडाक्षर फुटलेलं. मराठी लेबलाला त्या आवृत्त्या चालणार नाहीत.

शाईघर

पाठवली. कांदा-लसूण मसाला, २०० ग्रॅम.

चारकलर

तुमची फाईल आज दुपारी बघितली. बारीक मजकूर फक्त काळ्या प्लेटवर आहे, एकदम स्वच्छ. पाच पॉइंटातला ‘साठवणुकीची’ भिंगाखाली सुटसुटीत वाचता येतो. इथे तुम्ही बरोबर.

दोन गोष्टी चुकल्या आहेत. मिरचीच्या चित्राखाली ब्लर वापरून सावली दिलीय, ती फाटक्या ठिपक्यांसारखी येतेय. दुसरी जास्त गंभीर: बारकोड चारही प्लेटांवर आहे. दुकानातल्या स्कॅनरला त्याच्या रेषांच्या कडा धारदार लागतात. ही पीडीएफ मी छापायला घेतली नसती.

शाईघर

मनापासून आभार. सावलीचं कारण सापडलं. ब्लर लावलेली सावली मी इंकस्केपमधून पिक्सेलचं चित्र करून स्क्रायबसमध्ये नेली होती, आणि असं चित्र काढताना त्याचं रेझोल्युशन द्यावं लागतं. माझ्याकडे ते ९६ च राहिलं होतं, आता ३०० केलं.

बारकोड ग्राहकाने पीएनजी म्हणून पाठवला होता आणि मी तो तसाच डकवला. रंगांच्या यादीत काळा बदलला तेव्हा चित्रातला काळा बदलणार नव्हताच, हे माझ्या लक्षात आलं नाही. आता तेच आकडे घालून इंकस्केपच्या एक्स्टेन्शनमधून व्हेक्टर बारकोड बनवलाय. तो बाकीच्या काळ्यासोबत के प्लेटवर गेला. प्रिव्ह्यूत निळी, लाल, पिवळी प्लेट त्या जागी कोरी दिसतेय.

चारकलर

नवी फाईल मिळाली, बारकोड ठीक आहे. एक-दोन रंगांची लेबलं, लेटरहेड, रेडियम यासाठी इंकस्केपवर माझा आक्षेप मी मागे घेतो. चार रंगांच्या पत्रिकेला अजून नाही म्हणेन. पत्रिकेत गणपतीच्या मागे सोनेरी ग्रेडियंट असतो, कडेला फोटो असतो, मजकूर शेवटच्या दिवशी तीनदा बदलतो, आणि तिथे तुमची पंधरा मिनिटं तीन वेळा जातात.

शाईघर

पुढच्या महिन्यात पुतणीचं लग्न आहे. पत्रिका इंकस्केपवरच करतोय आणि प्रत्येक बदलाला किती वेळ गेला ते लिहून ठेवणार आहे. छापायला तुमच्याकडेच आणतो.