मदत हवी आहे : पंचवटीतल्या पेटीतली पत्रं

नमस्कार मंडळी. पंचवटीतलं मावशीचं घर रिकामं करताना पत्र्याच्या पेटीत पत्रांचे गठ्ठे सापडले. एका लेखकाने मावशी-काकांना वीसेक वर्षं लिहिलेली. नाव मुद्दाम देत नाही, त्यांच्या घरच्यांशी अजून बोललेले नाही. मायना नेहमी ‘प्रिय उभयतांस’. काकांशी पुस्तकांवरून भांडण, आणि मग कडेच्या कोऱ्या जागेत, कार्ड आडवं धरून वाचावं लागेल असं, मावशीच्या खरवसाबद्दल. (खरवसाची आठवण जवळजवळ प्रत्येक कार्डात!) या दोघांची उत्तरं अर्थातच इथे नाहीत, त्यामुळे संवाद एका बाजूनेच ऐकू येतो.

कागद मालकीचा असला तरी मजकुराचा हक्क लेखकाचा, त्यांच्या पश्चात वारसांचा, आणि लेखकाच्या हयातीत न छापलेल्या मजकुरावर तो पहिल्यांदा छापल्यानंतर ६० वर्षं राहतो, एवढं माहीत आहे. म्हणून छापायची घाई नाही. आधी जपायची आहेत. अंतर्देशीय पत्रं घड्यांवर फाटली आहेत, टाचण्या गंजल्या आहेत. भाऊ म्हणतो लॅमिनेशन करून टाक. मी हात लावू दिलेला नाही.

नाशकात कागद-संवर्धनाचं काम जाणणारं कुणी आहे का? सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं, तिथे अशी खाजगी पत्रं स्वीकारतात का? आणि वारसांना पहिला फोन करताना काय बोलावं? त्यांच्याकडे मावशीची उत्तरं असतील, हा माझा खरा लोभ आहे.