‘अकस्मात’, ‘अपघात’ आणि ‘इजा’ : कोणता शब्द कुठे वापरावा?

प्रश्न

नमस्कार. रत्नागिरी तालुक्यातील किनारी गावांमधल्या आशा कार्यकर्त्या आणि मच्छीमार यांच्यासाठी मी एक लहान प्रशिक्षण-पुस्तिका मराठीत तयार करत आहे. नारळीवरून पडणे, समुद्रात बुडणे, सर्पदंश, महामार्गावरची धडक असे प्रसंग घडू नयेत म्हणून काय करावे आणि घडलेच तर रुग्णालयात पोहोचेपर्यंत काय करावे, एवढाच तिचा विषय आहे. शीर्षक ‘अपघात प्रतिबंध’ असे ठरवले होते, परंतु मजकूर तपासणाऱ्या डॉक्टरांनी ‘अपघात’ हा शब्दच नको, असे सुचवले. ‘इजा’, ‘दुखापत’, ‘जखम’ यांपैकी कोणता शब्द घ्यावा? आणि ‘प्रतिबंध’ म्हणावे की ‘निवारण’?

प्रतिसाद

डॉक्टरांच्या सूचनेमागे जुना वाद आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकाने २००१ साली आपल्या पानांवरून ‘अपघात’ या अर्थाचा इंग्रजी शब्द वर्ज्य करण्याचे जाहीर केले होते. बहुतेक इजांची शक्यता आधी ओळखता येते आणि त्या टाळताही येतात, त्यामुळे दैवाचा खेळ सुचवणारा शब्द वाचकाची दिशाभूल करतो, असे त्यांचे म्हणणे होते.

मराठीत मात्र या आक्षेपाचा खरा रोख ‘अपघात’ या शब्दावर नसून ‘अकस्मात’ या शब्दावर असायला हवा, असे माझे मत आहे. ‘अपघात’ हा ‘हन्’ या धातूपासून आलेला, ‘आघात’ आणि ‘आत्मघात’ यांच्या कुळातला शब्द आहे, आणि संस्कृतात त्याला ‘दूर सारणे, निवारणे’ असाही अर्थ आहे. सांख्यकारिकेच्या पहिल्याच कारिकेच्या प्रचलित पाठात ‘तदपघातके हेतौ’ असे शब्द येतात आणि तेथे ‘अपघातक’ म्हणजे दुःख दूर करणारा उपाय. ज्या शब्दाला एके काळी निवारणाचा अर्थ होता, तोच आज आपण जे निवारायचे त्याला वापरतो. ‘अकस्मात’ची फोड मात्र फार बोलकी आहे. ‘कस्मात्’ म्हणजे कशामुळे, आणि ‘अकस्मात्’ म्हणजे ज्याला ‘कशामुळे’ नाही असे. आपल्याकडे कुणी खाडीत बुडाला, नारळीवरून पडून गेला किंवा फुरसे चावून दगावला, तर पोलीस ठाण्यात ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद होते. कायद्याच्या दृष्टीने ती नोंद योग्यच आहे, कारण घातपाताचा संशय आहे की नाही हे तिथून पुढे तपासायचे असते. पण तोच शब्द बातमीत आणि गावाच्या बोलण्यात उतरला की ‘कशामुळे’ हा प्रश्न तिथेच मिटतो. झावळी ओली होती का, दोर जुना होता का, ओहोटीच्या वेळी पाण्याला ओढ आहे हे पर्यटकांना कुणी सांगितले होते का, हे मग कुणी विचारत नाही. तुमची पुस्तिका नेमके हेच विचारायला शिकवणार आहे, म्हणून हा शब्द तीत कुठेही नसावा, असा माझा आग्रह आहे.

आता तुमच्या तीन शब्दांकडे वळू. ‘जखम’ हा फारसीतून आलेला शब्द मराठी कानाला त्वचा फाटणे आणि रक्त येणे सुचवतो. त्यामुळे बुडणे, विषबाधा आणि विजेचा धक्का त्याच्या बाहेर राहतात. त्याहून मोठी अडचण ‘मुका मार’ या शब्दाची आहे. झाडावरून पडलेल्या माणसाच्या अंगावर ओरखडाही नसला की घरचे म्हणतात, “जखम नाही, मुका मारच आहे,” आणि हळद लावून त्याला झोपवतात. पोटातील प्लीहा किंवा यकृत फाटले असेल, तर रक्त आत साचत जाते आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही. म्हणून ‘मुका मार’ हा शब्द गाळू नका, तो ठळक अक्षरांत घ्या आणि त्याखाली लिहा की उंचावरून पडलेल्या माणसाचा मुका मार रुग्णालयातच तपासून घ्यावा, आणि मान व पाठ न वळवता त्याला फळीवरून हलवावे.

‘दुखापत’ हा कायद्याने आणि खेळाच्या पानांनी आपलासा केलेला शब्द आहे. न्यायालयीन मराठीत ‘जबर दुखापत’ म्हटले की कुणीतरी ती केली, असा अर्थ आपोआप येतो. ‘इजा’ हा अरबीतून आलेला शब्द मला तुमच्या कामासाठी सर्वांत योग्य वाटतो. तो शरीराच्या कोणत्याही अपायाला लागू पडतो, कोकणातल्या म्हाताऱ्या माणसालाही कळतो, आणि ‘इजा होणे’ व ‘इजा करणे’ अशी दोन्ही क्रियापदे घेतो. ‘अपघात’ मात्र बहुधा ‘होतो’च. ‘अपघात करून चालक पसार’ अशा बातम्यांच्या मथळ्यांपलीकडे त्याला कर्ता क्वचितच मिळतो.

‘अपघात’ समूळ काढण्याची मात्र गरज नाही. धडकेच्या घटनेला अपघात म्हणावे आणि तीतून शरीराला जे होते त्याला इजा म्हणावे. विल्यम हॅडन या अमेरिकी डॉक्टरांनी १९७० च्या सुमारास मांडलेला तक्ता याच भेदावर उभा आहे : घटनेच्या आधी, घटना घडताना आणि घटनेनंतर काय करता येईल, हे माणूस, वस्तू आणि परिसर अशा तिन्ही अंगांनी पाहायचे. हेल्मेट अपघात टाळत नाही, इजा टाळते. उलट दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला (आंबे तोडण्याची लांब काठीची जाळी) घेऊन आंबे जमिनीवरूनच उतरवले, तर पडण्याची घटनाच घडत नाही. दोन शब्द वेगळे ठेवले तरच हे दोन उपाय वेगळे दिसतात.

दुसऱ्या वाचकाचा प्रतिसाद

मालवणकडच्या वापराची एक भर घालावीशी वाटते. आमच्याकडे जुनी माणसे, विशेषतः रात्री, सापाचे नाव घेत नाहीत. ‘जनावर’ म्हणतात, आणि साप चावला तर ‘पान लागलं’ म्हणतात. १०८ वर फोन लागला आणि पलीकडचा माणूस विदर्भातला किंवा मराठवाड्यातला असला, तर ‘पान लागलं’ म्हणजे काय हे त्याला कसे कळावे? शिवाय ‘आपत्कालीन’ आणि ‘आपातकालीन’ यांतला कोणता शब्द शुद्ध, हेही कुणी सांगावे.

प्रतिसाद

ही भर फार मोलाची आहे. ‘पान लागणे’ पुस्तिकेत अवश्य यावे, पण सोबत लिहावे की फोनवर ‘साप चावला’ असेच स्पष्ट सांगायचे, कारण रुग्णाला कुठे न्यायचे हे त्या दोन शब्दांवर ठरते. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. त्यामुळे साप शोधून मारून आणण्यात वेळ घालवू नये, हेही त्याच पानावर असावे.

‘आपत्कालीन’ हा शब्द ‘आपद्’ म्हणजे संकट यावरून आला आहे, तर ‘आपात’ म्हणजे कोसळणे किंवा अचानक येऊन पडणे. दोन्ही रूपे व्याकरणाने शुद्ध आहेत, तरी ‘आपातकालीन’ हिंदीच्या वळणाचे आहे. महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या सेवेचे अधिकृत नावही ‘आपत्कालीन वैद्यकीय सेवा’ असेच आहे, तेव्हा तेच ठेवावे. जाता जाता, ‘रुग्ण’ हा शब्द ‘रुज्’ म्हणजे मोडणे या धातूपासून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ ‘मोडलेला’ असा आहे. हाडे मोडलेल्या माणसाला नेणाऱ्या गाडीला ‘रुग्णवाहिका’ हे नाव म्हणूनच मला फार नेमके वाटते.

‘प्रतिबंध’ आणि ‘निवारण’ यांविषयी सांगायचे राहिले होते. ‘निवारण’ तक्रारीचे होते, म्हणजे गोष्ट घडल्यानंतर होते. ‘प्रतिबंध’ अर्थाने बरोबर आहे, पण पावसाळ्यात किनाऱ्यावर ‘समुद्रात उतरण्यास प्रतिबंध’ असे फलक लागतात, त्यामुळे गावात तो शब्द मनाई म्हणूनच ऐकला जातो. ‘इजा टाळण्यासाठी, आणि झाल्यास’ एवढेच शीर्षक मी ठेवीन.