सासूबाईंच्या पायाची सूज: कांचनार गुग्गुळ सुरू करावा का?

रोहिणी_नागपूर
सासूबाई ६४ वर्षांच्या. माहेर-सासर दोन्ही ब्रह्मपुरीकडचं, सगळं आयुष्य धानाच्या बांधीत गेलं. डावा पाय कित्येक वर्षांपासून सुजलेला, आता घोट्याजवळ घडी पडायला लागली आहे. हत्तीरोगाचं निदान झालंय, सरकारी गोळ्याही घेऊन झाल्या. आता नणंदेने ‘लसिका शुद्धी’ (लसिका म्हणजे मांसातून बारीक नळ्यांवाटे रक्तात परत जाणारा द्रव) म्हणून चूर्णाचं पुडकं पाठवलंय: कांचनार, मंजिष्ठा, गोरखमुंडी, पुनर्नवा. सोबत कांचनार गुग्गुळाच्या गोळ्या. सासूबाईंना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. कुणी वापरलंय का? सूज उतरते का खरंच?

सचिन_अकोला
माझ्या मामीला मानेतल्या गाठीसाठी वैद्यांनी कांचनार गुग्गुळ दिला होता. बरं वाटलं म्हणते. पायाच्या सुजेचं माहीत नाही.

झाडीपट्टीचे_काका
रोहिणीताई, मी हत्तीरोग पथकात होतो, आता पेन्शनवर. रात्री साडेआठनंतर दारोदार जाऊन बोटातलं रक्त घ्यायचं, कारण हत्तीरोगाच्या जंतांची पिल्लं रात्रीच रक्तात सापडतात. लोक जेवून आडवे झालेले, आमच्या मागे गावातली कुत्री. असो.

पुनर्नवेनं लघवी वाढते असं म्हणतात, पण हत्तीपायात नुसतं पाणी साचलेलं नसतं जी. लसिकेच्या नळ्याच निकामी झालेल्या असतात आणि प्रथिनं असलेला द्रव मांसात मुरून बसतो. लघवीवाटे पाणी काढलं तरी प्रथिनं तिथंच राहतात आणि पुन्हा पाणी ओढतात. म्हणून लघवी वाढवणाऱ्या डॉक्टरी गोळ्याही इथं कामाच्या नाहीत. आणि डीईसीची गोळी, म्हणजे हत्तीरोगावरची सरकारी गोळी, ती जंत मारायला. जुना जाड पाय तिनं बारीक होत नाही. पुड्यावर खर्च करायच्या आधी पाय बघा.

करंगळी आणि शेजारच्या बोटाची फट उजेडात उघडून बघा. रोवणीच्या दिवसांत तिथं हमखास चिखल्या होतात: कातडी पांढरी, भिजून फुगलेली, मधोमध केसासारखी चीर. जंतू तिथूनच शिरतात. मग हुडहुडी भरून ताप, पाय लालबुंद, जांघेत गाठ. असा एकेक झटका पाय आणखी जाड करून जातो.

रोज रात्री साधा साबण आणि साधं पाणी, कढत नको. गुडघ्यापासून खाली, प्रत्येक घडी उघडून, बोटांच्या फटींतून हात फिरवा. ब्रश नको. नंतर जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यानं टिपायचं, रगडायचं नाही. चिखल्यांना डॉक्टरांनी दिलेलं बुरशीचं मलम. झोपताना पायाखाली उशी, बसल्या बसल्या घोटा वर-खाली. टब, मग, साबण, टॉवेल, मलम असा संच हत्तीरोगाच्या रुग्णांना सरकारतर्फे देतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. लाजू नका, मागून घ्या.

वैद्य_मीनल
काकांशी सहमत. कांचनार गुग्गुळ शार्ङ्गधर संहितेतला; कांचनाराची साल, त्रिफळा, त्रिकटू (सुंठ, मिरी, पिंपळी), वरुणाची साल आणि गुग्गुळ हे त्यातले मुख्य घटक. तो सांगितलाय गंडमाळा, ग्रंथी अशा गाठींसाठी. श्लीपद, म्हणजे हत्तीपाय, याचा विचार ग्रंथांत वेगळा केला आहे. त्यामुळे ‘लसिकेचं औषध’ म्हणून सरसकट सगळ्यांना देणं मला पटत नाही. रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर गुग्गुळ तर स्वतःच्या मनानं अजिबात नको, आधी डॉक्टरांना विचारा. चूर्णाचंही तसंच: साल दळली की ती कांचनाची की दसऱ्याच्या आपट्याची, हे डोळ्यांना कळत नाही.

सचिनराव, मानेतली गाठ टिकून राहिली तर आपल्याकडे आधी क्षयाची तपासणी करून घ्यावी. तिथं काढा-गुग्गुळात महिने घालवू नयेत.

आयुर्वेदाला इथं जागा नाही असं मात्र नाही. केरळात कासारगोडला एक त्वचारोग संस्था हत्तीपायावर वनस्पतींच्या फांटात (गरम पाण्यात भिजवून गाळलेल्या पाण्यात) पाय बुडवणं, मालिश, योगासनं आणि दाबाच्या पट्ट्या असं एकत्र करते. पण तिथंही पाय धुणं आणि पट्टी हा कणा आहे, नुसतं चूर्ण नाही.

रोहिणी_नागपूर
काका, टॉर्च घेऊन पाहिलं. दोन्ही फटींत चिरा आहेत, वासही येतो. सासूबाई तिथं हळद आणि चुना भरत होत्या! कडुनिंबाच्या काढ्यात पाय बुडवला तर चालेल? आणि पट्टी आजपासूनच बांधू का?

झाडीपट्टीचे_काका
चुना आजच बंद. कडुनिंबाचं पाणी गार झाल्यावर वापरा, हरकत नाही, पण साबणाचं धुणं त्यानं सुटत नाही आणि नंतर फटी ठणठणीत कोरड्या हव्यात. चिरा भरेपर्यंत पट्टी नको. पुढे बांधाल तेव्हा पायाचा रक्तपुरवठा डॉक्टरांकडून तपासून आणि फिजिओथेरपिस्टकडून शिकून बांधा. आणि तापाचा झटका आलाच तर मालिश, व्यायाम, पट्टी सगळं थांबवायचं, पायावर ओलं कापड ठेवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सोमवारची वाट पाहू नका.