कॅरॅमल घसरतंय? आधी मेण काढा
काडीला खोवलेलं सफरचंद कॅरॅमलमध्ये, म्हणजे साखरेच्या तांबूस चिकट पाकात, बुडवून खाऊ करतात; त्याबद्दल वर एकीने लिहिलंय की कॅरॅमल सफरचंदावरून घसरून ताटलीत तळं झालं. आमच्याकडेही पहिल्यांदा हेच झालं होतं. दोष बहुतेक वेळा सालीवरच्या मेणाचा असतो. सफरचंद उकळत्या पाण्यात पाचेक सेकंद बुडवून काढा आणि खरखरीत फडक्याने खसाखसा पुसा. साल जराशी मंद दिसू लागली की मेण गेलं समजायचं. देठाजवळच्या खळग्यात पाणी साचतं, तेही टिपून घ्या. फ्रिजमधलं गारेगार फळ तर नकोच, त्यावर दव धरतं.

कॅरॅमल ११८ ते १२० अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचं. थर्मामीटर नसेल तर गार पाण्यात थेंब टाकून बघा, बोटांत घट्टसर गोळी वळली पाहिजे. बुडवायचं काम मोठ्यांनीच करायचं, हा पाक कातडीला चिकटला की सुटत नाही. मुलांकडे सजावट! आमच्या धाकटीने एकाला बदामाच्या कापांची दाढी लावली होती, आणि ते खायला कुणालाच देईना. सजावटीचं सामान मात्र आधीच वाट्यांत काढून ठेवा, कॅरॅमल बघता बघता आळतं.

हो, आणि काडी खुपसली की आतला रस झिरपतो आणि बाहेर ठेवल्यास त्यात जंतू वाढू शकतात, त्यामुळे उरलेली सफरचंदं फ्रिजमध्येच ठेवा.